सही कुठं करू?

छत्तीस वर्षं मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. त्यातली निम्म्याहून अधिक शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गेली. ऊस, कांदा, विहीर, मोटार, गाय, ट्रॅक्टर अशा नाना कारणांसाठी माणसं कर्ज मागायला येत. कागदपत्रांचा गठ्ठा पुढं सरकवला की समोरचा माणूस एकच प्रश्न विचारायचा, 'साहेब, सही कुठं करू?'

'अहो, आधी वाचून तरी घ्या.'

'तुम्ही वाचलंय ना? मंग झालं!'

मला याची चीड यायची. सही म्हणजे काय चेष्टा आहे का? उद्या हप्ता थकला, जामीनदाराला नोटीस गेली, की हीच माणसं म्हणणार, आम्हांला कुणी सांगितलंच नाही! यावर मी बँकेत भाषणं दिली आहेत आणि एका कादंबरीत एक आख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका रुग्णालयात मी पाठीच्या ऑपरेशनसाठी दाखल झालो. रात्री साडेनऊला परिचारिका संमतीपत्र घेऊन आली. चार पानं, बारीक टाइप. मी चष्मा शोधला, तो सौभाग्यवतींच्या पिशवीत होता आणि त्या खाली जेवायला गेल्या होत्या. मी पेन हातात घेतलं आणि विचारलं, 'सही कुठं करू?'

या चार पानांत काय लिहिलं होतं, ते मला पुढच्या तीन आठवड्यांत कळलं.

माझी पाठ बिघडायला तशी तीन कारणं. पहिलं, बँकेची खुर्ची. दुसरं, वसुलीच्या निमित्तानं न्हावरे, मांडवगण, आलेगावच्या रस्त्यांवर पिटाळलेली राजदूत मोटारसायकल. तिसरं, रात्री जागून लिहिलेल्या कादंबऱ्या. ज्यांना माझ्या कादंबऱ्या आवडत नाहीत ते तिसरं कारण पुरेसं समजतील. वयाची पासष्टी जवळ आली आणि डाव्या बाजूला कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढावी तशी कळ सुरू झाली. एमआरआय काढला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी मागं सरकून तिनं नस दाबली होती.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. गादी सरकली की लगेच ऑपरेशन, असं नसतं. बहुसंख्य लोकांचं हे दुखणं दीड-दोन-तीन महिन्यांत औषधं, बेतानं हालचाल आणि व्यायाम यांनी आपोआप ओसरतं. मीही वाट पाहिली. पण आठव्या आठवड्यात एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. पाऊल वर उचलायची ताकदच कमी होत होती. डॉक्टर म्हणाले, 'आता थांबण्यात अर्थ नाही. काळजी करू नका, दुर्बिणीतून करू. दोन टाके. दुसऱ्या दिवशी घरी.'

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. सरकलेली गादी हेच या कळेचं कारण असतं आणि ती काढता येते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली जगापुढं मांडलं. तेव्हा पाठीला चांगला वीतभर छेद घ्यावा लागे, स्नायू हाडापासून सोडवावे लागत. १९७७च्या सुमारास याशारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शक आणला आणि छेद बोटभर झाला. १९९७मध्ये अमेरिकेत फोली आणि स्मिथ यांनी एका नळीतून दुर्बीण घालून हेच काम करण्याची पद्धत मांडली. स्नायू कापायचे नाहीत, नुसते बाजूला सारायचे आणि दोन सेंटिमीटरहून अरुंद नळीतून आत जायचं. रक्त कमी जातं, वेदना कमी होतात, माणूस लवकर हिंडू-फिरू लागतो. याचा लाभ असंख्य लोकांना झाला आहे आणि मलाही झाला. भूल उतरली तेव्हा पायातली तार गेलेली होती. मी परिचारिकेलाच नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिरूरला घरी. आळीतली माणसं बघायला आली. सदऱ्याची मागची बाजू वर करून मी पट्टी दाखवायचो. 'एवढंच?' प्रत्येकाच्या चेहऱ्यावर किंचित निराशा. एका शेजाऱ्यांनी तर स्वतःचं १९८८ सालचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन दाखवून माझी पट्टी साफ निकालात काढली. आम्ही घरचेही तेच करत होतो. जखम एवढीशी, म्हणजे ऑपरेशनही एवढंसंच. आता वाटतं, इथंच आमची पहिली चूक झाली. छेद लहान असतो तो कातडीचा. आत नस तीच असते, तिच्याभोवतीचा पडदा तोच असतो. उलट वाट अरुंद असल्यामुळं डॉक्टरला जपायचं अधिकच असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बसलो आणि डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. डोक्यात कुणीतरी जातं ओढत होतं. मान आखडली, मळमळायला लागलं, कानात गुणगुण. आडवा झालो की पाच मिनिटांत जातं थांबायचं. उठलो की पुन्हा सुरू.

निदानांना तोटा नव्हता. सौ. म्हणाल्या, पित्त. मुलगा म्हणाला, भुलीचा अंमल. शेजाऱ्यांच्या मते चष्म्याचा नंबर. वहिनींनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. बाम, आल्याचा चहा, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं झालं. ऑपरेशन कमरेचं आणि दुखतंय डोकं, तेव्हा या दोघांचा काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. दोन दिवस असे गेले. शेवटी आमच्या इथले तरुण डॉक्टर घरी आले. त्यांनी नाडी पाहिली, पट्टी सोडून जखम पाहिली. ती कोरडी, स्वच्छ. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'काका, झोपल्यावर थांबतं का?'

'हो, लगेच.'

'मग हे डोक्याचं दुखणं नाही. कमरेचं आहे. आजच पुण्याला जायचं. आणि बसून नाही, झोपून.'

त्याचं असं असतं. आपला मेंदू आणि मज्जारज्जू एका पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतात. मोठ्या माणसात हा द्रव सुमारे दीडशे मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप. शरीर रोज अर्धा लिटरच्या आसपास नवा द्रव तयार करतं आणि जुना शोषून घेतं. मेंदूचं वजन सव्वा ते दीड किलो, पण या द्रवात तरंगत असल्यामुळं त्याचा भार जेमतेम पन्नास ग्रॅमच भासतो. हा द्रव ज्या पडद्याच्या पिशवीत असतो ती पार कमरेपर्यंत उतरते. गादी काढताना या पडद्याला क्वचित बारीकशी चीर पडते. शंभर ऑपरेशनांत दोन-चार जणांच्या बाबतीत हे होतं. बहुतेक वेळा तिथल्या तिथं दिसतं आणि शिवलं जातं. कधी मात्र चीर इतकी बारीक असते की तेव्हा दिसतच नाही आणि नंतर खोकल्यानं किंवा शौचाला जोर केल्यानं उघडते. द्रव झिरपतो. माणूस उठून बसला की मेंदूचा आधार कमी होतो, तो खाली ओढला जातो आणि जातं सुरू होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात नळी काढल्यावर स्नायू पुन्हा जवळ येतात, त्यामुळं द्रव बाहेर येतोच असं नाही. जखम कोरडी दिसते आणि सगळे फसतात.

नगर रस्त्यानं मी हजार वेळा पुण्याला गेलो असेन, पण आडवा पडून पहिल्यांदाच. शिक्रापूर, सणसवाडी, लोणीकंद, वाघोली, सगळीकडं वाहनांच्या रांगा. मला खिडकीतून फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक दिसत होते. त्यांवरच्या चेहऱ्यांवरून मी गाव ओळखत होतो.

चार दिवस सपाट झोपवून, भरपूर पाणी आणि कॉफी पाजून पाहिलं. पुष्कळांना एवढ्यानंच बरं वाटतं. मला वाटलं नाही. मग पुन्हा ऑपरेशन, या वेळी छेद थोडा मोठा. सूक्ष्मदर्शकाखाली चीर शिवली, वर एक प्रकारचा जैविक गोंद लावला. आठवडाभरानं उठून बसलो. जातं थांबलं होतं.

अंथरुणात पडल्या पडल्या समजलं की या जात्यात भले भले भरडले गेले आहेत. अमेरिकेतला नामवंत बास्केटबॉल प्रशिक्षक स्टीव्ह कर याचं २०१५च्या उन्हाळ्यात सरकलेल्या गादीचं ऑपरेशन झालं आणि त्याला हाच त्रास सुरू झाला. सप्टेंबरात दुसरं ऑपरेशन झालं, तरी डोकेदुखी हटेना. त्याचा संघ विजेता होता, पण पुढच्या हंगामातले पहिले ४३ सामने त्याला संघाजवळ बसता आलं नाही. जानेवारी २०१६मध्ये तो परतला आणि २०१७मध्ये पुन्हा काही काळ दूर राहावं लागलं. शक्य असेल तर पाठीचं ऑपरेशन टाळा, आधी व्यायाम-उपचार करून पाहा, असं त्यानं जाहीरपणे सांगितलं. मी इतकं टोकाचं म्हणणार नाही. माझी चप्पल आता पायात राहते.

माझ्या डॉक्टरांनी नंतर आणखी एक गोष्ट सांगितली आणि मला घाम फुटला. द्रव फारच झिरपला तर अगदी क्वचित मेंदूच्या मागच्या भागातल्या शिरा ताणल्या जाऊन तिथं रक्तस्राव होतो. ऑपरेशन कमरेला आणि रक्तस्राव डोक्यात! असे रुग्ण इतके थोडे की वैद्यकीय नियतकालिकांत त्यांच्या नोंदी एकेकट्या छापून येतात. डोकेदुखीच्या जोडीला गुंगी, उलट्या, बोलण्यात अडखळणं किंवा असंबद्धपणा दिसला, तर सकाळची वाट पाहायची नसते. आम्ही दोन दिवस बाम चोळत बसलो होतो.

आता दौंडची गोष्ट. ती सांगायला मला जास्त जड जातं.

माझे साडू दौंडला राहतात. रेल्वेत गार्ड होते. २०२२पासून या हुद्द्याला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण ते गार्ड म्हणूनच निवृत्त झाले आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. माझ्यानंतर चार महिन्यांनी त्यांचीही गादी सरकली. त्यांचं ऑपरेशन आणखी बारीक वाटेनं, जागेपणी, फक्त तेवढी जागा बधिर करून झालं. यात दुर्बिणीतून सतत पाणी सोडून जागा धुतात. डॉक्टर अधूनमधून विचारत होते, 'मान दुखतेय का?' साडू नंतर हसून सांगायचे, 'रावसाहेब, काम चाललंय कमरेत आणि हे मानेची चौकशी करतायत!' पण तो डॉक्टर शहाणा होता. पाण्याचा दाब वाढला तर तो वर मेंदूपर्यंत पोचू शकतो, अगदी क्वचित झटकेही येतात, आणि त्याची पहिली सूचना बहुधा मान देते.

ऑपरेशन उत्तम झालं. दहाव्या दिवशी साडू स्टेशनपर्यंत चालत जाऊन गाड्या बघून आले. तिसऱ्या आठवड्यात कंबर पुन्हा दुखायला लागली. मला फोन आला. या विषयातला मी आता घरचा तज्ज्ञ! मी विचारलं, 'डोकं दुखतंय का?'

'नाही.'

'ताप?'

'नाही.'

'जखम?'

'छान भरलीय.'

'मग काही वजन उचललं असेल. विश्रांती घ्या.'

माझ्या अंगावर जे गेलं तेवढंच मला माहीत होतं आणि मी तेवढंच शोधत होतो. बँकेत एका शाखेत बुडीत गेलेलं कर्ज पाहून आलेला अधिकारी दुसऱ्या शाखेत त्याच नमुन्याची लबाडी शोधत बसतो आणि शेजारून भलतीच निसटते, तसं झालं. दहा दिवस गेले. मग मेहुणीचा फोन आला, 'भावजी, हे रात्री कुशीवर वळताना ओरडतात. झोपेत ओरडतात. पहिल्या दुखण्यात असं कधी नव्हतं.'

शिरूरहून न्हावरे, चौफुला, पाटस करत मी दौंडला पोचलो. ज्या माणसानं आयुष्यभर हिरवा बावटा ताठ हातानं दाखवला, तो पलंगाची कड धरून श्वास रोखून बसला होता. रक्त तपासलं. सीआरपी नावाची एक तपासणी असते. शरीरात दाह असेल तर तिचा आकडा चढतो. ऑपरेशननंतर तो चढतोच, पण दोनेक आठवड्यांत उतरायला हवा. यांचा चढत चालला होता. एमआरआयमध्ये दिसलं की गादीतच जंतुसंसर्ग झाला आहे.

मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यामुळं तिथं जंतू शिरला तर शरीराची फौज आणि औषध दोन्ही उशिरा पोचतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनांत हे शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतं. साडूंना मधुमेह, म्हणजे धोका थोडा जास्त. गोष्ट फसवी अशी की माणूस आधी बरा होतो, मग दोन-चार आठवड्यांनी दुखणं उलटतं. ताप असेलच असं नाही, जखम लाल असेलच असं नाही. सुईनं नमुना काढून जंतू कोणता ते शोधावं लागतं, कारण आपल्या देशात क्षयाचा जंतू आणि त्याचे पाण्यात टिकून राहणारे भाऊबंद यांचाही विचार करावा लागतो. पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांनंतर या भाऊबंदांनी जखमा चिघळवल्याचे प्रकार आपल्याकडं पुष्कळ नोंदले गेले आहेत. साडूंच्या बाबतीत जंतू नेहमीचा निघाला. सहा आठवडे प्रतिजैविकं, त्यातली पहिली काही शिरेतून, आणि कमरेला पट्टा. ते बरे झाले. पण आता स्टेशनवर जाऊन उभे राहिले तर दहा मिनिटांत बाक शोधतात. ते दहा दिवस वाया गेले नसते तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. धीर झाला नाही.

ताळेबंदाच्या शेवटी बँकेत एक टीप असते, संभाव्य देणी. ही देणी आज द्यायची नसतात, बहुधा कधीच द्यावी लागत नाहीत, म्हणून बेरजेत धरत नाहीत. पण लिहिलेली असतात. संमतीपत्राची चार पानं म्हणजे ही टीप. 'दुर्मिळ' या शब्दानं मी निश्चिंत झालो होतो. पण तो शब्द हजार रुग्णांच्या हिशेबाचा असतो. ज्याच्यावर येतं त्याच्यावर ते शंभर टक्के येतं आणि येतं ते घरी, जिथं डॉक्टर सत्तर किलोमीटर लांब असतो. ओळखायचं असतं बायकोनं, मुलानं, शेजाऱ्यानं.

म्हणून चार गोष्टी घरातल्या सगळ्यांना ठाऊक हव्यात. उठल्यावर चढणारं आणि झोपल्यावर उतरणारं डोकं, किंवा जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव. बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा उसळलेली, रात्री झोपू न देणारी कंबर, ताप असो वा नसो. पोटरीला एकाएकी सूज आणि दुखणं, किंवा धाप. आणि सर्वांत तातडीची चौथी. लघवी अडणं किंवा नकळत होणं, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर होणं, पायातली ताकद जाणं. आत रक्त साकळून नसांवर दाब आला की असं होतं. इथं हिशेब तासांचा असतो. रात्र असो, पाऊस असो, १०८ला फोन करायचा आणि निघायचं.

आणि ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारावं. थांबलो तर काय होईल? अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत? घरी गेल्यावर काही झालं तर रात्री फोन कुणाला करायचा? मोठ्या छेदानं केलं तर काय फरक पडेल? हा शेवटचा प्रश्न वेडगळ नाही. हॉलंडमध्ये ३२८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. नळीतून आणि नेहमीच्या पद्धतीनं केलेल्या ऑपरेशनांची तुलना होती. वर्षअखेर नळीवाले काही अधिक बरे झालेले आढळले नाहीत. छेदाच्या लांबीपेक्षा हात कुणाचा आणि गरज किती, हे महत्त्वाचं. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. माझे तरी रागावले नाहीत. मीच विचारले नव्हते.

मागच्या रविवारी सकाळी न्हावऱ्याचे एक जुने खातेदार घरी आले. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीचं कर्ज मी मंजूर केलं होतं. त्यांच्या मालकिणीच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलंय, दुर्बिणीतून. पिशवीतून त्यांनी कागद काढले. मी म्हटलं, आता विचारणार, सही कुठं करू.

ते म्हणाले, 'साहेब, तुमचं काय झालं ते कळलं. एवढं वाचून दाखवा. सगळं. मी बसतो.'

दीड तास लागला. सौ.नी दोनदा चहा केला. प्रत्येक ओळीला ते विचारत, 'असं झालं तर घरी कसं कळायचं?' मी सांगायचो आणि ते बोटं मोडून पाठ करायचे. शेवटी कागद घडी करून पिशवीत ठेवले आणि म्हणाले, 'करून घेतो. पण आता ठावं असून करतो.'

बुधवारी ऑपरेशन झालं. काल त्यांचा फोन आला. बाई उठून बसल्या, डोकं दुखत नाही. 'रोज सकाळी विचारतो,' ते म्हणाले, 'झोपल्यावर कसं, उठल्यावर कसं. ती वैतागलीय.'

मी म्हटलं, 'महिनाभर वैतागू द्या.'